मुंबईतील स्थलांतरित उपाहारगृह कामगार

मुंबईतील स्थलांतरित उपाहारगृह कामगार हा शहरातील हॉटेले, खानावळी व चहाच्या दुकानांत काम करणारा, मुख्यतः परप्रांतांतून आलेला कामगारवर्ग होय. भांडी घासणारे, टेबल पुसणारे, वाढपी व आचारी यांचा त्यात समावेश होतो.

इतिहास
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण कॅनरा भागातून अनेक तरुण मुंबईच्या उडुपी हॉटेलांत कामाला आले. दिवसा काम करून त्यांपैकी अनेकांनी कन्नड रात्रशाळांत शिक्षण घेतले. स्वयंपाकघरातील मदतनिसापासून सुरुवात करणारे रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंगा येथे स्वतःचे भोजनगृह सुरू केले. १९५० च्या दशकात जॉर्ज फर्नांडिस यांनी शहरातील हॉटेल कामगारांना संघटित केले.

गोवंडी
हार्बर मार्गावरील गोवंडीचा परिसर महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरातील सर्व विभागांत तळाशी होता. शिवाजीनगर व बैंगनवाडी या वस्त्यांत उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेली अनेक कुटुंबे राहतात. येथील लहान खानावळींत मोजकेच कामगार असतात व कायद्याच्या दृष्टीने ही संख्याच निर्णायक ठरते.

कायदेशीर संरक्षण
किमान वेतन प्रत्येक उपाहारगृहाला लागू आहे. महाराष्ट्रात ते परिमंडळ व कौशल्याची श्रेणी यांनुसार ठरते आणि त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारला जातो. कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी मात्र सामान्यतः किमान १०, तर भविष्य निर्वाह निधीसाठी किमान २० कामगार असावे लागतात.

आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ हा कंत्राटदारामार्फत आणलेल्या कामगारांपुरता होता. गावच्या ओळखीने स्वतःहून आलेला हॉटेल कामगार त्यामुळे कक्षेबाहेर राहत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये अशा कामगाराचाही समावेश झाला. मात्र स्थलांतरितांसाठीच्या विशेष तरतुदींना आस्थापनेत किमान १० आंतरराज्य कामगार असण्याची अट असल्याने लहान खानावळी बाहेरच राहिल्या.

वेतन आणि पुरावा
अनेक ठिकाणी राहणे-जेवण मालकाकडे असते आणि पगार रोख दिला जातो. नियुक्तिपत्र, हजेरीपट किंवा वेतनचिठ्ठी नसल्यास थकीत वेतनाचा दावा सिद्ध करणे कठीण होते. बँक खात्यातून होणारे वेतन हा त्यामुळे महत्त्वाचा पुरावा ठरतो. २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगारांची नोंदणी होते. परंतु ही नोंद कामगाराची असते, मालकाशी असलेल्या नोकरीची नव्हे.

बढती
वाढप्याचे आचारी होणे हे बहुधा अनुभवावर अवलंबून असते आणि मालक बदलताच त्या अनुभवाची नोंद उरत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना पाककला व वाढपकामाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्यासाठी सुरू झाली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. कुशल श्रेणीचे किमान वेतन अधिक असल्याने अशा प्रमाणपत्राचा वेतनाच्या मागणीलाही आधार मिळू शकतो.