दिवाळीच्या भेटी आणि घरची मनी

भाऊबीजेची भेट असो वा सुक्या मेव्याचा डबा, चकचकीत कागदावर जरीची फीत बांधल्याशिवाय आपले समाधान होत नाही. घरात मांजर असेल तर ती फीत नकोच, असे आम्हांस वाटते. मांजरीच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेली दोरी तिला सहसा थुंकता येत नाही, ती गिळतच जाते. एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकले की आतडी दोरीवर गोळा होतात, कधी चिरलीही जातात. टोक बाहेर लोंबताना दिसले तरी ओढू नये; तडक पशुवैद्यांकडे न्यावे.

कुत्र्याला चॉकलेट व बेदाणे वर्ज्य. बेदाण्यांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून डबे बंद कपाटातच ठेवावेत. सजावट हवीच असेल तर मुलांनी कागदी फूल डिंकाने चिकटवावे. मनीला काय, रिकामे खोके मिळाले तरी तिची दिवाळी!