अंधार ओळखणारा दिवा

गेल्या विज्ञान-प्रदर्शनांत आमच्या दोन विद्यार्थ्यांनीं अंधार पडतांच आपोआप लागणारा दिवा मांडला होता. पालकमंडळी समोर उभी राहिली आणि दिवा लागला, विझला, पुन्हां लागला, पुन्हां विझला! कांहीं पाहुणे हंसले. मुलें बिचारीं ओशाळलीं. वास्तविक त्या लुकलुकण्यांतच सारें मर्म होतें.

दिव्यास अंधाराची वर्दी देतो तो प्रकाशावलंबी रोधक. लॅमिंग्टन रोडवर थोड्या रुपयांत मिळणारी ही लहानशी चकती. तिच्यावरील नागमोडी पट्टी बहुधा कॅड्मियम सल्फाइडची असते. अंधारांत या पदार्थांतील इलेक्ट्रॉन आपापल्या जागीं जखडलेले असतात. त्यामुळें विद्युत्प्रवाहास होणारा रोध दहा लाख ओहमपर्यंत किंवा त्याहूनहि वर जातो. प्रकाश पडला कीं इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि भर उन्हांत तोच रोध कांहींशें ओहमांवर उतरतो.

आतां विद्युन्मंडल पाहूं. सहा व्होल्टांच्या बॅटरीस दहा हजार ओहमांचा साधा रोधक व ही चकती एकापुढें एक जोडावीं. विद्युद्दाब दोघांत रोधाच्या प्रमाणांत वांटला जातो. उजेडांत चकतीचा रोध एक हजार ओहम असेल, तर तिच्या वांट्यास सहा व्होल्टांचा अकरावा हिस्सा, म्हणजे जेमतेम अर्धा व्होल्ट येतो. तिच्या टोकांशीं जोडलेला ट्रँझिस्टर सुमारें ०.७ व्होल्ट मिळाल्यावांचून जागा होत नाहीं. अंधारूं लागलें कीं चकतीचा रोध वाढतो, त्याबरोबर दाब वाढतो, ट्रँझिस्टर वाट मोकळी करतो, रिले खटकन् ओढला जातो व दिवा लागतो.

मग मुलांचा दिवा कां लुकलुकला? त्याचाच उजेड चकतीवर पडत होता! ‘दिवस उजाडला’ असें समजून चकती दिवा मालवी. मालवतांच पुन्हां रात्र होई. चकतीभोंवतीं काळ्या कागदाची नळी बसवून तिचें तोंड दिव्याकडून फिरविलें, तेव्हां तो स्थिर झाला.

या गुणाचा शोधहि अशाच घोटाळ्यांतून लागला. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजानें मुंबई व एडन यांमध्यें समुद्रतळाशीं तार घातली. तसल्या तारांची तपासणी करण्यासाठीं विलोबी स्मिथ या इंग्रज तारतज्ज्ञास फार मोठा रोध हवा होता. म्हणून त्यानें सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. मापें मात्र एकसारखीं येईनात. पेटीचें झांकण उघडलें कीं रोध उतरे, मिटलें कीं चढे! १८७३ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें.

चकतीचा एक दोष सांगितला पाहिजे. ती मंद आहे. प्रकाश गेल्यावर मोकळे इलेक्ट्रॉन जागेवर परतावयास सेकंदाचा कांहीं अंश, कधीं अधिकहि वेळ लागतो. संध्याकाळ ओळखावयास तेवढी चपळाई पुरे. आवाजास पुरत नाहीं. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ हा भारतांतील पहिला बोलपट लागला. त्याचा आवाज फितीच्या कडेस प्रकाशछायेच्या रूपांत छापलेला होता. सेकंदास हजारों वेळां बदलणारा असा प्रकाश टिपावयास निराळी नळी लागे. तींत प्रकाश पडतांच इलेक्ट्रॉन धातूच्या पृष्ठभागांतून थेट बाहेर उडत.

पालकांस एक विनंती. कॅड्मियम विषारी आहे. घरीं चकती फुटल्यास ती केरांत न टाकतां कागदांत गुंडाळून प्रयोगशाळेंत पाठवावी.