इंग्रजी स्पेलिंगची किल्ली स्वरांच्या हाती

रोहा-अष्टमी नगरपरिषदेचे नाव रोमन लिपीत लिहिले, की एक गंमत ध्यानात येते. ‘रोहा’च्या शेवटी येणारे ‘ए’ हे अक्षर ‘आ’ असे वाचले जाते आणि त्याला लागूनच ‘अष्टमी’च्या आरंभी येणारे तेच अक्षर ‘अ’ असे. शेजारच्या पेणचे स्पेलिंग तर लिहावयाच्या पेनचेच! कुंडलिकेकाठच्या मराठी शाळेतील मुलाला स्पेलिंग का छळते, याचे मूळ येथेच आहे.

इंग्रजीत अक्षरे २६, ध्वनी मात्र सुमारे ४४. त्यातही स्वरांची अक्षरे पाच आणि स्वरध्वनी सुमारे २०. कॅट, केक, कार, बॉल आणि अबाउट या पाच शब्दांत एकच ‘ए’ पाच निरनिराळे उच्चार धारण करतो. याला इतिहास कारणीभूत आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. पुढे स्पेलिंग स्थिरावत गेले. दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र बदलत राहिले. ‘नेम’ या शब्दातील ‘ए’ पूर्वी ‘आ’च्या जवळचा होता. उच्चार बदलला, अक्षर तेच राहिले.

राज्यातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. ‘सी-ए-टी कॅट’ ही घोकंपट्टी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची. सी, ए, टी ही अक्षरांची नावे आहेत. ती कितीही वेगाने म्हटली तरी त्यांचे ‘कॅट’ होत नाही. फोनिक्स पद्धतीत नावांऐवजी ध्वनी शिकवितात. ‘क्’, ‘ॲ’ आणि ‘ट्’ जोडले, की ‘कॅट’ तयार होतो. लिहिताना हीच क्रिया उलट करायची : शब्द ऐकायचा, ध्वनी सुटे करायचे आणि प्रत्येकासाठी अक्षर मांडायचे. बाराखडी गिरविलेल्या मुलाला ही जोडणी नवी नाही. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे तर मराठीने इंग्रजी उच्चारांसाठीच स्वीकारली आहेत.

काही नियम एका फटक्यात अनेक शब्द उलगडतात. ‘कॅप’च्या शेवटी ‘ई’ जोडला की ‘केप’, ‘बिट’चा ‘बाइट’ आणि ‘हॉप’चा ‘होप’ होतो. शेवटचा ‘ई’ स्वतः मुका राहून आधीचा स्वर बदलतो. अर्थात ‘हॅव’, ‘गिव्ह’ यांसारखे अपवाद पाठच करावे लागतात. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील फरक आधी कानाला कळावा लागतो. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुष्कळदा पुसट होतो.

इंग्लंडमध्येही जिम रोझ यांच्या २००६ च्या अहवालानंतर फोनिक्सवर भर देण्यात आला आणि २०१२ पासून साधारण सहा वर्षांच्या मुलांची फोनिक्स चाचणी सुरू झाली. जेथे इंग्रजी घरात बोलली जाते, तेथेही ध्वनींचे पद्धतशीर शिक्षण आवश्यक मानले गेले. मग ज्या घरात स्पेलिंग पाठ करवून घेणारे कोणीच नाही, तेथील मुलाला त्याची गरज किती अधिक! पाठ केलेला शब्द तेवढाच एक शब्द वाचून देतो. ध्वनी ओळखू लागलेले मूल न शिकविलेला शब्दही स्वतः वाचून पाहू शकते.