सोयाबीनच्या दाण्यात 'माशाचं तेल'? ओमेगा-३ ची पाइपलाइन समजून घेऊया

फिश ऑइलच्या कॅप्सूलची जाहिरात तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आली असेलच. पण गंमत माहितेय का? ज्या ओमेगा-३ साठी आपण समुद्रातले मासे खातो, ते हे मासे स्वतः फारसं बनवतच नाहीत! बनवतं ते समुद्रातलं सूक्ष्म शैवाल. शैवाल खातात बारीक जीव, त्यांना खातात छोटे मासे, छोट्यांना मोठे. असं करत करत ओमेगा-३ वर पोहोचतं.

आता विचार करा, पिंजऱ्यात वाढवलेल्या माशाला हे कुठून मिळणार? उत्तर एकच, खाद्यातून. आणि इथेच आपल्या ओळखीचं सोयाबीन येतं.

आधी प्रॉब्लेम काय आहे ते बघू

नॉर्वेमध्ये सॅल्मन माशाची मोठी शेती चालते. १९९० च्या सुमारास तिथल्या सॅल्मनच्या खाद्यात जवळपास ९० टक्के घटक समुद्रातून यायचे, म्हणजे माशांची पूड आणि माशांचं तेल. थोडक्यात, मासे वाढवायला मासेच पकडायचे. यातला मोठा वाटा पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटा या छोट्या माशाचा. २०२३ मध्ये एल निनोमुळे समुद्र तापला, पेरूने उत्तर-मध्य भागातला वर्षाचा पहिला मासेमारी हंगामच रद्द केला आणि फिश ऑइलचे भाव आभाळाला भिडले.

समुद्रावरचा हा भार कमी करायला खाद्य कंपन्यांनी आधीच वनस्पती तेलं आणि सोयाचं प्रोटीन वापरायला सुरुवात केली होती. २०१३ पर्यंत नॉर्वेच्या खाद्यातला समुद्री वाटा ३० टक्क्यांच्या आसपास आला. समुद्राच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण मासा जे खातो तेच त्याच्या अंगात उतरतं. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१५ मधले सॅल्मन तपासले, तेव्हा त्यातलं ईपीए आणि डीएचए जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. म्हणजे तेवढाच फायदा हवा असेल तर दुप्पट मासा खा!

साधं सोया तेल का चालत नाही?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला हे पाइपलाइनसारखं दिसतं. ओमेगा-३ ही एक वस्तू नाही, ते कुटुंब आहे:

- एएलए: १८ कार्बनची साखळी, ३ दुहेरी बंध. सोयाबीन, जवस यांत मिळतं.
- एसडीए: १८ कार्बन, ४ दुहेरी बंध.
- ईपीए: २० कार्बन, ५ दुहेरी बंध.
- डीएचए: २२ कार्बन, ६ दुहेरी बंध.

शरीरात एएलए पासून पुढे एकेक स्टेप करत डीएचए पर्यंत जाता येतं. प्रत्येक स्टेपला एक एन्झाइम लागतं, फंक्शन कॉल करावा तसं. गडबड पहिल्याच फंक्शनमध्ये आहे. एएलए चं एसडीए करणारं 'डेल्टा-६ डिसॅच्युरेज' हे एन्झाइम फार हळू चालतं. माणसातही आणि बऱ्याच माशांतही. शिवाय सोया तेलात सुमारे निम्मा भाग लिनोलेइक ॲसिड, म्हणजे ओमेगा-६ असतो. एएलए जेमतेम ७-८ टक्के. आणि ओमेगा-६ सुद्धा त्याच एन्झाइमच्या रांगेत उभं असतं. मग ट्रॅफिक जॅम होणारच ना!

आपल्याकडच्या रोहू-कटलासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांना हे रूपांतर त्या मानाने बरं जमतं. खरी अडचण समुद्री आणि मांसाहारी माशांची आहे.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं?

स्लो फंक्शन माशात चालवण्याऐवजी ते सोयाबीनच्या दाण्यातच चालवलं! मोन्सँटोने सोयाबीनमध्ये दोन जनुकं घातली. एक प्रिम्युला या फुलझाडाचं, जे डेल्टा-६ ची स्टेप करतं. दुसरं न्यूरोस्पोरा या बुरशीचं, जे ओमेगा-६ चं ओमेगा-३ मध्ये रूपांतर करून कच्चा माल वाढवतं. परिणाम असा की तेलात २० ते ३० टक्के एसडीए. अडलेली स्टेप आधीच पूर्ण झालेली, आता माशाने फक्त पुढचं काम करायचं.

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या टीमने २०१७ मध्ये आणखी पुढची गोष्ट मांडली. एएलए आणि एसडीए जास्त असलेलं सोया तेल आणि सोया प्रोटीन त्यांनी स्टीलहेड ट्राउट आणि कंपाची या माशांना दिलं. समुद्री घटक खूप कमी करूनही माशाच्या मांसातलं एकूण ओमेगा-३ वाढलं. त्यानंतर त्यांनी सोयाबीनमध्ये थेट ईपीए बनवणारी जनुकं घातली, सोबत ॲस्टाझँथिन बनवणारीही. सॅल्मनला गुलाबी रंग देणारं रंगद्रव्य ते हेच. तेल आणि रंग, दोन्ही एकाच दाण्यात.

मग अडलंय कुठे?

'एकूण ओमेगा-३ वाढलं' हे वाक्य नीट वाचा. त्यात एएलए आणि एसडीए सुद्धा मोजलेलं असतं. हृदय आणि मेंदूच्या संदर्भात ज्याची चर्चा होते ते ईपीए आणि डीएचए वेगळं मोजावं लागतं. डीएचए च्या बाबतीत दुसरी पिकं पुढे आहेत. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ आणि न्यूसीड यांनी डीएचए देणारा कॅनोला बनवला, तर ब्रिटनच्या रोथमस्टेड संस्थेने कॅमेलिनात ईपीए आणि डीएचए दोन्ही आणलं.

दुसरी अडचण म्हणजे दुहेरी बंध जास्त असलेलं तेल हवेने लवकर खवट होतं. तिसरी, हे सोयाबीन साध्या सोयाबीनमध्ये मिसळून चालत नाही. शेतापासून गिरणीपर्यंत वेगळं ठेवावं लागतं, आणि तो खर्च वाढतो.

लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याला हे पेरता येईल का? सध्या नाही. भारतात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. २०२१ मध्ये सरकारने १२ लाख टन जीएम सोया पेंड आयात करू दिली, पण ती पोल्ट्रीच्या खाद्यासाठी होती.

तुमच्या कामाची गोष्ट

पुढच्या वेळी तेलाच्या पिशवीवर किंवा कॅप्सूलच्या डबीवर मोठ्या अक्षरात 'ओमेगा-३' दिसलं, की मागची बाजू बघा आणि एकच प्रश्न विचारा: कुठलं? एएलए, ईपीए की डीएचए? '१००० मिलिग्राम फिश ऑइल' लिहिलेल्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्राम ईपीए आणि १२० मिलिग्राम डीएचए असतं, बाकी नुसतं तेल. मोठा आकडा पुढे असतो, खरा आकडा मागे. पैसे त्या मागच्या आकड्याचे मोजा.