बारावी झाली, आता फीचं काय?



जून-जुलै आला की गटाच्या बैठकीत कर्जमागणीचं एक कारण हमखास ऐकू येतं, "पोरीचं ॲडमिशन आहे." हे कारण ऐकलं की मला बरं वाटतं, कारण ती पोर शिकणार असते. पण एक गोष्ट बैठकीत कोणी बोलत नाही. फी परवडत नाही म्हणून पोरगी घरी बसवली, हे कोणी सांगत नाही. ते आपल्याला पुढच्या उन्हाळ्यात लग्नपत्रिका हातात आल्यावर कळतं.

म्हणून या अंकात फक्त पैशाचं बोलू. कॉलेजला नेमका किती खर्च येतो, त्यातला सरकार किती देतं, आपल्याला किती उभे करायचे, आणि गटाचं कर्ज कुठे वापरायचं नि कुठे नाही. लेख कापून ठेवा, आणि ज्या घरात दहावी-बारावीची मुलगी आहे त्या ताईला वाचून दाखवा.

आधी खर्चाचे दोन भाग करा

कॉलेजने सांगितलेला आकडा ऐकून घाबरून जाऊ नका. कागद-पेन घ्या आणि ऑफिसमधून फीचा तक्ता लेखी मागा. त्यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, अनामत असं सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. सरकारी सवलत मुख्यतः शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कावर मिळते. बाकीच्या रकमा आपल्यालाच भराव्या लागू शकतात. त्यामुळे "फी माफ आहे" असं ऐकून रिकाम्या हाताने गेलात तर काउंटरवर अडचण होते.

दुसरा भाग कॉलेजबाहेरचा: एसटी, खोली किंवा वसतिगृह, मेस, पुस्तकं, मोबाइलचा रिचार्ज. बऱ्याच घरात मुलीचं शिक्षण फीमुळे थांबत नाही, या दुसऱ्या भागामुळे थांबतं. त्यासाठीही योजना आहेत, पण त्या लोकांना कमी माहीत आहेत.

फी कोणाला किती माफ?

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मोठा निर्णय घेतला. ओबीसी, एसईबीसी म्हणजे मराठा समाज, आणि ईडब्ल्यूएस या प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, तंत्रनिकेतनचा डिप्लोमा असे अनेक अभ्यासक्रम यात येतात. नवीन प्रवेश घेणाऱ्या आणि आधीपासून शिकत असलेल्या, दोघींनाही हे लागू आहे.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. यात फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर निर्वाह भत्ता नाही, पण फ्रीशिप योजनेतून फीची सवलत मिळते. विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठीही वेगळ्या योजना आहेत. यातले बहुतेक अर्ज एकाच ठिकाणी, महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. अर्ज करायला पोर्टलची फी नाही. सेवा केंद्रवाला अर्ज भरून देण्याचे पैसे घेईल, पण "शिष्यवृत्ती मंजूर करून देतो, त्याचे एवढे द्या" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

केंद्र सरकारच्या दोन योजनाही लक्षात ठेवा. पहिली प्रगती शिष्यवृत्ती: एआयसीटीई मान्य कॉलेजात तांत्रिक डिप्लोमा किंवा पदवी करणाऱ्या मुलींना वर्षाला ५० हजार रुपये, उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दुसरी बारावीच्या गुणांवर मिळणारी, बीए-बीकॉम-बीएस्सी करणाऱ्यांनाही चालणारी: पदवीची तीन वर्षं दरवर्षी १२ हजार रुपये, उत्पन्न मर्यादा साडेचार लाख. या दोन्हींचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात आणि निवड गुणवत्तेवर होते. त्यामुळे अर्ज केला म्हणजे मिळालीच असं धरू नका, पण अर्ज मात्र जरूर करा.

राहण्या-जेवण्याचं काय?

समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं असतात, आधी तिथे अर्ज करा. जागा नाही मिळाली तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. यात राहणं, जेवण यासाठी रोख रक्कम थेट विद्यार्थिनीच्या खात्यावर येते. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत सातबारा थोडक्या जमिनीचा असतो. त्या थोडक्या जमिनीचा इथे उपयोग होतो.

जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलींना एसटीच्या विद्यार्थी पासमध्ये दोन तृतीयांश सवलत आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. काही विद्यापीठांत "कमवा व शिका" योजना चालते. मुलगी ग्रंथालयात किंवा ऑफिसात काही तास काम करते आणि हातखर्च काढते. यात कमीपणा काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरिबाघरची मुलं याच वाटेने शिकवली.

ॲडमिशन कसं घेतलं, त्यावर सगळं ठरतं

ताई, हा भाग दोनदा वाचा.

व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफी मिळायची तर प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅप राउंडमधूनच व्हायला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. निकाल लागला की गावात माणसं फिरायला लागतात, "राउंडची कटकट कशाला, डायरेक्ट सीट देतो, स्कॉलरशिपचं आम्ही बघतो." तुम्ही त्यांना एवढंच विचारा, "कॅपचं अलॉटमेंट लेटर मिळेल का?" नाही म्हणाले तर पुढचं बोलणं नको. एकदा तिथे पैसे भरले की वर्षानुवर्षं पूर्ण फी आपल्याच माथी बसते.

शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, अशा सूचना सरकारने कॉलेजांना वेळोवेळी दिलेल्या आहेत. तरी मागितलं तर भांडू नका. प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहा, एक प्रत आपल्याजवळ पोच घेऊन ठेवा, आणि समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

दाखल्यांची तयारी अकरावीतच

शिष्यवृत्ती हुकते ती बहुतेक वेळा दाखल्यापायी. हे कागद आधीच जमवा:

– उत्पन्नाचा दाखला, तहसीलचा. हा दरवर्षी नवा लागतो, एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका.
– जातीचा दाखला आणि जात पडताळणी प्रमाणपत्र.
– ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी नॉन क्रिमीलेअर.
– अधिवास दाखला, रेशन कार्ड, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला.
– मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

यात सगळ्यात वेळखाऊ जात पडताळणी. त्यासाठी वडिलांच्या घराण्यातला जुना पुरावा लागतो: आजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यू नोंद, जुने महसुली कागद. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा विचारतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबा, आत्या, काका यांचे दाखले शोधा. ही शोधाशोध निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. मुलगी अकरावीत असतानाच सुरू करा.

आणखी एक. आधार कार्ड, दहावीची सनद आणि बँक पासबुक, तिन्हीवर मुलीचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते आजच बघा.

पैसे कुठे येतात, आणि ते कोणाचे?

लाडकी बहीण योजनेच्या वेळी आपण सगळ्याजणी आधार सीडिंगसाठी बँकेत रांगेत उभ्या होतो, आठवतंय ना? शिष्यवृत्तीचंही तसंच. मुलीच्या स्वतःच्या नावाचं खातं हवं आणि ते आधारला जोडलेलं हवं. तिची दोन खाती असतील तर आधारला जे शेवटी जोडलं त्यात पैसे जातात. मग आपण एक पासबुक भरून आणतो आणि पैसे दुसरीकडेच पडलेले असतात.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलीच्या खात्यावर येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते, आणि ती सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. घरात तेव्हा खताची उधारी असते, कोणाचं आजारपण असतं. खात्यात रक्कम दिसली की हात जातोच. पण ते पैसे खर्च झाले तर कॉलेजची थकबाकी पोरीच्या नावावर चढते. मग निकाल आणि दाखला घ्यायच्या वेळी मान तिला खाली घालावी लागते. म्हणून आधीच ठरवा, निर्वाह भत्ता तिच्या खर्चाला, फी कॉलेजला.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं असंही नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली तर परत येतो, आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर बाद होतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, ओटीपी कोणाला सांगू नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नका. मुलीने नापास न होणं आणि हजेरी ठेवणं हेही त्यात येतं.

पैसे येईपर्यंत

शिष्यवृत्ती उशिरा येते, हे खरं आहे. मी स्वतः समाजकार्याचं शिक्षण शिष्यवृत्तीवर केलं. रक्कम कधी कधी पुढच्या वर्षात जमा व्हायची आणि मेसचं बिल मात्र दर महिन्याला यायचं. हे मधलं अंतर भरायला आपला गट आहे.

समजा गटातून २० हजार घेतले, शेकडा २ रुपये महिना व्याजाने, आणि दर महिन्याला २ हजार मुद्दल परत केलं. दहा महिन्यांत व्याज होतं २,२०० रुपये. तेही आपल्याच गटात राहतं. तेच २० हजार सावकाराकडून शेकडा ५ ने घेतले आणि नुसतं व्याज भरलं, तर दहा महिन्यांत १० हजार जातात आणि मुद्दल तसंच्या तसं उभं.

पण तीन-चार वर्षांची पूर्ण फी गटाच्या कर्जातून भरू नका. शेकडा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के. एवढ्या लांबच्या गरजेसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज स्वस्त पडतं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला हमी योजनेमुळे तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ते साधारण शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक, तांत्रिक अभ्यासक्रमासाठी तोवरच्या व्याजाला केंद्राचं अनुदान आहे. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. बँक सहकर्जदाराचं जुनं कर्ज तपासते, म्हणून गटाचे आणि फायनान्सचे हप्ते वेळेवर ठेवा. आज थकवलेला हप्ता उद्या लेकीच्या कर्जाला आडवा येऊ शकतो.

गटाने करायच्या चार गोष्टी

पहिली, या महिन्याच्या बैठकीत नववी ते बारावीच्या मुलींची यादी करा आणि कोणाचे कोणते दाखले नाहीत ते समोर लिहा.

दुसरी, तहसीलला एकटी बाई चार फेऱ्या मारते, त्यापेक्षा पाचजणींचे कागद घेऊन दोघी जा. भाडं आणि मजुरी दोन्ही वाचतात. सेवा हक्क कायद्यात दाखल्याला मुदत ठरलेली आहे. अर्जाची पावती जपून ठेवा.

तिसरी, ग्रामसंघात जून-जुलैसाठी थोडी रक्कम शिक्षणाच्या तातडीच्या कर्जाला राखून ठेवा, ठराव करून.

चौथी, गावात शिष्यवृत्तीवर शिकलेली एखादी मुलगी असेल तर तिला बैठकीला बोलवा. पोर्टल कसं चालतं ते ती माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. आणि "मुलीला कशाला एवढं शिकवायचं" असं म्हणणाऱ्या घरातल्या मोठ्यांना तिचं बोलणं लवकर पटतं.

योजनांच्या अटी आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षाची सूचना कॉलेजच्या फलकावर किंवा पोर्टलवर बघून घ्या. काही अडलं तर प्रभागाच्या बैठकीत मला गाठा, कागद घेऊन या, आपण एकत्र बसून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक