हळदीच्या मांडवातलं नवं गाणं

'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचं लघुरूप आहे. चित्रपटासाठी न रचलेलं, मोठ्या कंपनीचा पैसा न घेता दोन-चार जणांनी मिळून बांधलेलं आणि थेट यूट्यूब किंवा स्पॉटिफायवर आणलेलं गाणं म्हणजे स्वतंत्र किंवा इंडी गाणं. खर्च त्यांचा, गाणं पडलं तर नुकसान त्यांचं आणि चाललं तर हक्कही त्यांचाच. इंग्रजी जगात या गाण्यांचे इंडी पॉप, इंडी फोक असे कप्पे पाडले जातात. मराठीत हे कप्पे फार काळ टिकत नाहीत, कारण इथलं पॉप गाणं वर्षानुवर्षं लग्नाच्या मांडवातच तयार होत आलं आहे.

रायगडच्या आतल्या भागात, खालापूर आणि कर्जत तालुक्यांत, हे स्वच्छ दिसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि खोपोलीची लोकल या दोन्हींमुळे शहर इथून हाकेच्या अंतरावर आहे. तरी लग्नसराईत हळदीच्या रात्रीचा मान अजून पूर्वीसारखाच आहे. हळदीला बेंजो पार्टी येते. हा बेंजो अमेरिकी बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेल्या बुलबुलतरंगाला वीज जोडून केलेलं हे वाद्य आहे, आणि त्याचा टोकदार आवाज ढोल-ताशांच्या गजरातही वर उठतो. नवं आगरी-कोळी गाणं इथे पास किंवा नापास होतं. ज्या गाण्यावर माणसं उठून नाचतात ते टिकतं आणि बाकीची पुढच्या लग्नसराईपर्यंत विसरली जातात. कुठल्याही समीक्षकापेक्षा ही परीक्षा कडक आहे.

याच मांडवात एक फार जुनं गाणंही असतं. आगरी लग्नात धवलारीण नावाची गायिका विधी चालवते. तेलवण, हळद, घाणा, लग्न लागणं अशा प्रत्येक टप्प्यावर ती धवला, म्हणजे लग्नगीत, म्हणते आणि विधी त्या गाण्याच्या चालीनं पुढे सरकतो. काही घरांत धवलारणीचं काम भटजीच्या कामाइतकंच, कधी त्याहून मोलाचं मानलं जातं. 'धवळे' हा शब्द मराठी वाङ्मयात पहिल्यांदा ठळक होतो तो तेराव्या शतकात, महानुभाव पंथातल्या महदंबेच्या रचनेमुळे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिला मान मिळाला, तिची ओळख लग्नगीतांमुळे आहे, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे. आजची धवलारीण तो शब्द बोलीच्या उच्चारात, 'ळ'चा 'ल' करून, वापरते. ती शिकते ऐकून. आईकडून, सासूकडून, मावशीकडून. तिच्याकडे वही नसते, आणि शिकणारी पुढची बाई मिळाली नाही तर तिचं भांडार तिच्याबरोबर संपतं.

खालापूर-कर्जतच्या डोंगरवाड्यांमधल्या ठाकर आणि कातकरी समाजांच्या गाण्याचंही तसंच आहे. ठाकरांच्या जीवनावर ल. ना. चापेकरांनी 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' हा अभ्यासग्रंथ १९६० साली प्रसिद्ध केला. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. गौरी-गणपती, होळी, लग्न आणि पेरणी-लावणीची कामं या वेळी वाड्यांवर गाणं असतं, आणि त्यात ऐकणारा-गाणारा असा भेद नसतो. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. खालापूर तालुक्यातली ही ठाकरवाडी होती. घरं, माणसं, गुरं गेली. अशा वस्तीबरोबर तिची गाणी किती गेली याची नोंद कुठल्याही पंचनाम्यात होत नाही.

नवं गाणं उभं राहतं ते या जमिनीवर. म्हणून त्याची शिफारस करताना पहिला प्रश्न विचारावा लागतो तो त्याच्या उगमाचा: चाल कुणाची, बोली कुणाची आणि नाव कुणाचं लागलं?

कोळीगीतांचा इतिहास या प्रश्नाचा चांगला धडा आहे. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीतं घरोघरी पोचली. त्यांतली कविता उत्तम होती, पण ती किनाऱ्याकडे प्रेमानं पाहणाऱ्या शहराची गाणी होती. पुढे कॅसेटच्या काळात वेसाव्याच्या 'वेसावकर आणि मंडळी'नं कोळीवाड्यातल्या आवाजात, कोळीवाड्यातल्या शब्दांत गाणी काढली. ती बसस्टँडवरच्या दुकानांतून गावोगाव पोचली आणि समाजाला आपला आवाज बाजारात ऐकू आला. मराठी इंडी संगीताची खरी सुरुवात शोधायची असेल तर ती इथे, रेकॉर्डिंगच्या भाड्याच्या खोल्यांत सापडेल. यूट्यूब आल्यावर दुकानाचीही गरज उरली नाही. प्रशांत नाकती आणि त्यांच्या 'नादखुळा म्युझिक'नं 'माझी बाय गो', 'आपली यारी' अशी गाणी याच वाटेनं लोकांपर्यंत नेली. सोनाली सोनवणे, केवल वाळंज हे आवाज त्यातून घराघरांत ओळखीचे झाले.

या प्रकारचं नवं गाणं ऐकताना कानानं दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली बोली. आगरी बोलीत 'गाडी'ची 'गारी' होते, 'डोळा' 'डोला' होतो, 'पाणी' 'पानी' होतं. पुष्कळ गाण्यांत ही बोली धृपदापुरती येते आणि कडव्यात गाणारा पुस्तकी मराठीवर उतरतो. अशा गाण्यात बोली दागिन्यासारखी घातलेली असते. ज्या गाण्यात विचारच बोलीत झालेला आहे, तिथे क्रियापदंही बदलतात, विनोदही बदलतो आणि रुसवाही. दुसरी गोष्ट ठेका. कोळी-आगरी गाण्याचा मूळ ठेका सहा मात्रांचा, होडीसारखा झुलणारा. डीजेच्या सोयीसाठी तो सरसकट चार ठोक्यांत बसवला की नाच सोपा होतो, पण झोका जातो. हे नुकसान लहान नाही.

आता शिफारशींकडे. पहिला मान 'स्वदेसी' या मुंबईच्या हिपहॉप गटाच्या 'द वारली रिव्होल्ट'ला द्यावा लागेल. २०१९ सालचं हे गाणं मुंबईतल्या आरेच्या जंगलाबद्दल आणि तिथल्या वारली पाड्यांबद्दल आहे. त्यात एमसी मवाली यांचं मराठी रॅप आहे आणि आरेतच राहणारे वारली कार्यकर्ते-गायक प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. इथे लोकगायकाचा आवाज शोभेसाठी तुकडा कापून लावलेला नाही. भोईर यांचं नाव गाण्यावर आहे, चेहरा दृश्यात आहे आणि विषय त्यांच्याच अंगणाचा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं रात्रीतून तोडली गेली, तेव्हा हे गाणं वेगळ्याच तीव्रतेनं ऐकलं गेलं. ज्यांच्या डोंगरांवर आज बंगले आणि रिसॉर्ट चढत आहेत, त्या कर्जत-खालापूरच्या तरुणांनी ते जरूर ऐकावं. या गटातला गुजराती रॅपर एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२मध्ये ऐन उमेदीत वारला.

दुसरी शिफारस रंगमंचावरची आहे. हर्ष राऊत आणि विजय कापसे या 'हर्ष-विजय' जोडीचं संगीत आणि ईश्वर अंधारे यांचं लेखन असलेलं 'द फोक आख्यान' नाट्यगृहांत गर्दी खेचत आहे. गोंधळ, भारूड अशा लोकपरंपरांचे साचे घेऊन नव्यानं लिहिलेली ही गाणी आहेत. जुनी चाल उचलून तिला गिटार जोडण्याचा सोपा मार्ग इथे नाकारला आहे. साचा जुना आणि शब्द आजचे, हीच तर लोककलेची मूळ रीत. गोंधळी आणि शाहीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. शक्य असेल तिथे प्रयोगच पाहावा, कारण मोबाइलवर त्यातली सामूहिक उसळी अर्धी राहते.

'अभंग रिपोस्ट' हा मुंबईचा वाद्यवृंद संतांचे अभंग ड्रम्स आणि बास गिटारवर मांडतो. यावर नाक मुरडणारे आहेत. पण दिंडीत टाळ-मृदंगाचा जो धावता जोर असतो, तो या मांडणीत काही वेळा हुबेहूब जाणवतो आणि त्या क्षणी आक्षेप गळून पडतो. अभंगाच्या शब्दांशी त्यांनी खेळ केलेला नाही, हे त्यांचं मोठं श्रेय.

नाचाच्या गाण्यांत जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडचं नाव टाळता येणार नाही. २०२४ सालच्या 'गुलाबी साडी'नं मराठी न समजणाऱ्यांनाही नाचवलं. त्याआधीचं 'नऊवारी' आणि २०२५चं 'शेकी' ही त्याच वळणाची गाणी. हे शुद्ध पॉप आहे, हलकं आणि नेटकं, आणि त्याच्यावर त्याहून जास्त ओझं टाकू नये. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी', तेही २०२४चं, स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्सच्या कंपनीकडून प्रसिद्ध झालं, म्हणजे काटेकोर अर्थानं ते इंडी उरत नाही. पण मराठी बोल परदेशी क्लबच्या चार ठोक्यांवर इतके चपखल बसू शकतात हे त्यानं सिद्ध केलं. अमरावतीचा '१०० आरबीएच', म्हणजे सौरभ अभ्यंकर, वऱ्हाडी लहेजा रॅपमध्ये आणतो आणि त्या बोलीचा रोखठोकपणा त्या प्रकाराला शोभतो. इंग्रजी गाण्याचं वावडं नसणाऱ्यांनी पुण्याच्या 'ईझी वाँडरलिंग्ज'चा २०१७चा 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम ऐकावा. त्यात मराठी काही नाही, पण पावसाळी दुपारसारखं शांत, स्वच्छ वाजवलेलं संगीत आहे.

शेवटची शिफारस सगळ्यांत मोलाची आहे, आणि ती ना पॉप आहे ना धंदा. खालापूरच्या डोक्यावर, घाट चढून गेलं की मावळ लागतो आणि त्यापलीकडे मुळशी. या पट्ट्यापासून सुरुवात करून गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हे काम वाढत वाढत महाराष्ट्रभर पसरलं आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकानं त्यांच्या ध्वनिमुद्रणाला हातभार लावला. २०१७पासून पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पारी' या संस्थेनं या ओव्या टप्प्याटप्प्यानं लोकांसमोर आणल्या आहेत आणि त्या फुकट ऐकता येतात. प्रत्येक ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे आणि पुष्कळ ठिकाणी फोटोही. वाद्य एकही नाही. दळताना नवऱ्याबद्दल, भावाबद्दल, पंढरीबद्दल आणि बाबासाहेबांबद्दल या बायका जे बोलल्या, ते इतक्या सरळ शब्दांत आहे की त्यापुढे आजची बरीच गाणी सजवलेली वाटतात.

या संग्रहानं जे केलं ते बाजारात सहसा होत नाही. लोकगीत ध्वनिमुद्रित झालं की श्रेयाच्या जागी 'पारंपरिक' असा एक शब्द पडतो आणि गाणारीचं नाव पुसलं जातं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत आणि संगीत यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, कर्ता ठाऊक नसलेलं जुनं लोकगीत सहसा सर्वांचं धरलं जातं. त्यावर नवी मांडणी करणाऱ्याला आपल्या मांडणीचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क मिळतो, मूळ चालीचा नव्हे. व्यवहारात मात्र जो आधी यूट्यूबवर चढवतो तो मालकासारखा वागतो. यंत्रणा आवाजाशी आवाज ताडून पाहते, गावाशी गाव नाही. त्यामुळे गावातल्या मंडळींनी आपलंच गाणं टाकलं तरी त्यांच्यावर हक्काचा दावा येऊ शकतो. याच कायद्याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतंत्र हक्क आहेत, आणि २०१२च्या दुरुस्तीनं त्यात एक भर घातली: सादरीकरण आपलं आहे असं नावानिशी सांगितलं जावं, हा कलाकाराचा हक्क मान्य झाला. धवलारीणही या अर्थानं कलाकारच आहे.

खालापूर, कर्जत, पनवेल, पेण या भागांत पुढच्या लग्नसराईत पुन्हा मांडव पडतील. ज्या घरी धवलारीण येईल, तिथल्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं बेंजो सुरू होण्याआधीचा तासभर तिच्यासाठी राखावा, तिची परवानगी घेऊन मोबाइलवर तिचे धवले नोंदवावेत आणि वर तिचं पूर्ण नाव, गाव, तारीख आणि ती हे कुणाकडून शिकली ते लिहावं.