निळ्या कोटाची शाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या वस्तीत गुणगौरवाचा कार्यक्रम होतो. पास झालेल्या मुलामुलींना वह्या, पेन आणि गुलाबपुष्प दिले जाते. चार मान्यवर बोलतात, टाळ्या होतात, फोटो निघतो. पुढे तो मुलगा कोठे गेला, त्या मुलीचे कॉलेज सुटले की चालू राहिले, याची नोंद मात्र आम्ही कार्यकर्ते क्वचितच ठेवतो. म्हणून आज एका अशा शाळेची व तिच्या माजी विद्यार्थ्यांची हकीकत सांगावीशी वाटते, जी शाळा निरोप देतानाच मुलांवर एक जबाबदारी सोपवते.

इंग्लंडमधील जुनी शाळा म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे लॉर्डांची मुले येतात. ही शाळा मात्र गरिबांसाठी निघाली. तिचे नाव क्राइस्ट्स हॉस्पिटल. नावात हॉस्पिटल असले तरी तो दवाखाना नव्हे. त्या काळी निराधारांच्या आश्रयस्थानालाही हाच शब्द वापरीत. १५५२ साली सहावा एडवर्ड या किशोरवयीन राजाच्या कारकिर्दीत, लंडनच्या न्यूगेट स्ट्रीटवर, साधूंच्या रिकाम्या झालेल्या मठात ती सुरू झाली. आरंभी ३८० मुले होती आणि त्यांत मुलीही होत्या. अंगात पायघोळ निळा कोट, पायांत पिवळे मोजे, गळ्याशी पांढरी पट्टी असा त्यांचा पोशाख. पुढे इंग्लंडमध्ये धर्मादाय शाळांना ‘ब्लूकोट’ शाळा हेच नाव पडले. निळा रंग आम्हाला परका नाही. पण तेथे तो कोट अंगावर आला, की हे मूल दानावर शिकते हे रस्त्यावरच्या माणसालाही कळे.

१७८२ साली चार्ल्स लॅम्ब नावाचा सात वर्षांचा मुलगा या शाळेत दाखल झाला. त्याचे वडील एका वकिलाकडे कारकून आणि नोकर अशी दोन्ही कामे करीत. त्या वकिलाच्याच शब्दामुळे मुलाला प्रवेश मिळाला. म्हणजे गरिबांच्या शाळेतही शिफारस लागतच होती! शाळेत जेवण बेताचे आणि छडी भरपूर. चार्ल्सचे घर जवळ असल्याने त्याची म्हातारी आत्या घरचे गरम जेवण घेऊन येई आणि पायऱ्यांवर बसून त्याची वाट पाही. इतर मुलांदेखत ते घेताना त्याला लाज वाटे, आत्याविषयी मायाही दाटून येई आणि भूक तर लागलेलीच असे. पुढे मोठा लेखक झाल्यावर त्याने हे सारे प्रामाणिकपणे लिहिले. डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिलेली आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

चार्ल्स हुशार होता, पण बोलताना अडखळत असे. शाळेतून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांनी पुढे धर्मोपदेशक व्हावे अशी अपेक्षा होती, आणि अडखळणारा प्रवचन कसे देणार? चौदाव्या वर्षी शिक्षण संपले. १७९२ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत हिशेबखात्यात कारकून म्हणून लागला, तो १८२५ पर्यंत. तेहतीस वर्षे! आपल्या देशातून गेलेल्या निळीच्या लिलावाचे आकडे त्या कचेरीतील वह्यांत चढत होते. आपले खरे ग्रंथ म्हणजे त्या कचेरीतले जाडजूड वहीखातेच, असा विनोद ते करीत. खुर्चीवर बसून ज्यांनी आयुष्यभर आकडे मांडले, त्या आम्हा कारकुनांना त्यातली खंत बरोबर कळते.

घरचे दुःख तर याहून मोठे होते. १७९६ साली त्यांच्या बहिणीने, मेरीने, वेडाच्या झटक्यात आईचा जीव घेतला. चार्ल्स तेव्हा एकवीस वर्षांचे होते. बहिणीला कायमचे वेड्यांच्या इस्पितळात टाकून देण्यास त्यांनी नकार दिला. तिची जबाबदारी पत्करली, लग्न केले नाही आणि शेवटपर्यंत तिला सांभाळले. दोघांनी मिळून शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी लिहिल्या. १८०७ साली निघालेले ते पुस्तक आजही वाचले जाते. त्यातील बहुतेक गोष्टी मेरीच्या होत्या. छापले गेले मात्र एकट्या चार्ल्सचे नाव. आमच्या भगिनींनी हेही लक्षात ठेवावे.

चार्ल्सबरोबरच सॅम्युअल टेलर कोलरिज हा मुलगा शाळेत होता. वडील वारलेले, घर दूर, सुट्टीत जायला ठिकाण नाही. अभ्यास नसतानाही तो लॅटिन काव्य वाचत बसलेला मिडलटन नावाच्या वरच्या वर्गातील मुलाने पाहिला आणि मुख्याध्यापकांच्या कानावर घातले. तेव्हापासून कोलरिजकडे लक्ष गेले. पुढे तो इंग्रजीतला थोर कवी झाला. हाच मिडलटन १८१४ साली कलकत्त्याचा पहिला बिशप झाला. कोलरिजचे सगळेच गोड झाले असे मात्र नाही. केंब्रिजची पदवी अर्धवट राहिली आणि अफूच्या व्यसनाने त्याचे आयुष्य पोखरले. शाळा दार उघडून देते, पुढचे चालणे ज्याचे त्यालाच करावे लागते.

तिसरा विद्यार्थी बार्न्स वॉलिस, जन्म १८८७. वडील डॉक्टर, पण पोलिओने पाय अधू झालेले, त्यामुळे घरात ओढाताण. बार्न्स शिष्यवृत्तीवर या शाळेत आला. त्याच्या शाळकरी वर्षांतच, १९०२ साली, शाळा लंडन सोडून हॉर्शमला गेली. कॉलेज न करता तो कारखान्यात उमेदवारीला लागला. इंजिनिअरिंगची पदवी त्याने बाहेरून परीक्षा देऊन १९२२ साली मिळवली, तेव्हा वय पस्तिशीकडे झुकले होते. नोकरी करीत रात्री अभ्यास करणाऱ्या आमच्या तरुणांनी हा आकडा लिहून ठेवावा.

पुढे त्यांनी विमाने बांधली. दुसऱ्या महायुद्धात पाण्यावर उड्या मारीत जाणारा बॉम्ब त्यांनी काढला. मे १९४३ मध्ये त्याने जर्मनीतील धरणे फोडण्यात आली. त्या मोहिमेवर गेलेल्या १३३ वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५३ जण मृत्युमुखी पडले. खाली पुरात हजारावर माणसे बुडाली, त्यांत सक्तीने कामाला जुंपलेल्या परक्या स्त्रियाही होत्या. आपल्या शोधासाठी गेलेली तरुण मुले वॉलिस यांच्या मनातून गेली नाहीत. १९५१ साली सरकारने त्यांना दहा हजार पौंड दिले, ते त्यांनी आपल्या जुन्या शाळेला दिले. त्यातून हवाई दलातील दिवंगतांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय झाली.

हे औदार्य आले कोठून? या शाळेत निरोपाच्या दिवशी प्रत्येक मुलाला बजावले जाते, की येथे तुला जे मिळाले ते विसरू नकोस, आणि ऐपतीप्रमाणे दुसऱ्यालाही ते मिळावे म्हणून झट. आजही तेथे कुटुंबाचे उत्पन्न पाहून फी ठरते, आणि अनेक मुलांचा खर्च देणग्यांतून भागतो. त्या देणग्या देणाऱ्यांत माजी विद्यार्थीही असतात.

आमच्याजवळ दहा हजार पौंड नाहीत. पण दोनशे पानांची एक वही विकत घेणे कोणत्याही मंडळाला परवडेल. यंदा गुलाबपुष्प देताना मुलाचे, मुलीचे नाव त्या वहीत लिहावे. दरवर्षी घरी जाऊन विचारावे, काय शिकतोस, काय अडले, नोकरी लागली का? आणि ज्याला नोकरी लागली, त्याच्या नावापुढे एक रकाना ठेवावा : याने कोणाची फी भरली? तो रकाना कोरा राहू नये, एवढीच विनंती.